गांवच्या गटारांचा खर्च कोणीं सोसावा?

गांवांत पाणी आणणें हें पुण्याचें काम मानलें जातें. तें बाहेर काढणें हें मात्र कोणाचेंच काम मानलें जात नाहीं. विहीर बांधणाराचें नांव दगडावर कोरलेलें पुष्कळ ठिकाणीं आढळतें. गटार बांधणाराचें नांव कोरलेलें आम्हीं तरी कोठें पाहिलें नाहीं. पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनास पुढारी येतात, हारतुरे होतात. परंतु त्याच टाकीचें पाणी घरोघरच्या मोऱ्यांतून वाहूं लागलें म्हणजे तें कोठें जावें, याचा विचार करण्यास कोणी येत नाहीं. या विसंगतीमुळें आमच्या खेड्यांची जी हानि होत आहे तिचा हिशेब मांडावा, आणि ती थांबविण्यास लागणारा पैसा कोठून व कसा उभा करावा याविषयीं आमचें मत खातेदार शेतकरी बंधूंपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

महसूल खात्याच्या कारकुनींत आमची उमेदीचीं वर्षें गेलीं. त्यामुळें कोणतीही योजना समोर आली म्हणजे बांधकामाचा आंकडा पाहण्याआधीं तिचा दरसालचा खर्च कोणत्या सदराखालीं पडणार, हें पाहण्याची संवय आम्हांस लागली आहे. गटारांच्या प्रश्नाकडेही आम्ही त्याच दृष्टीनें पाहणार आहों.

पूर्वीं खेड्यांतील बाई डोक्यावरून चार-दोन घागरी पाणी आणी. घरांत पाणीच इतकें थोडें येई कीं, सांडपाण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. मोरीचें पाणी परसांतल्या केळीच्या आळ्यांत जिरून जाई. २०१९ सालीं केंद्र सरकारनें जलजीवन मिशन सुरू केलें व दर माणशीं रोज ५५ लिटर पाणी नळानें घरांत देण्याचें प्रमाण ठरविलें. बायकांच्या डोक्यावरची घागर उतरविणारी ही योजना स्तुत्यच आहे. परंतु तीन हजार वस्तीच्या गांवांत या प्रमाणानें रोज १,६५,००० लिटर पाणी येणार. पिण्यांत, स्वयंपाकांत व इतर कामीं खर्च होणारें पाणी वजा जातां दोनतृतीयांशच मोरीवाटे बाहेर पडतें असें धरलें, तरी रोजचें सांडपाणी १,१०,००० लिटर होतें. वर्षाचें तें चार कोटी लिटर झालें. हें पाणी कोठें जावें?

शेतकऱ्यास या प्रश्नाचें महत्त्व वेगळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा वाहूं लागला. ऊंस झाला, गूळ झाला, पैसा झाला. परंतु पाणी देण्याची जशी तरतूद झाली, तशी जमिनींतील जादा पाणी काढून नेण्याची वेळेवर झाली नाहीं. भारी काळ्या जमिनी पाणथळ व खारवट होऊं लागल्या, आणि मागाहून चर खणण्याची पाळी आली. कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं शिरोळ, मिरज व वाळवें या तालुक्यांत उपसा सिंचनाच्या पाण्यानंतर हाच अनुभव आला. पाणी आणण्याआधीं पाणी काढण्याची वाट करावी, हा धडा काळीनें आम्हांस शिकविला आहे. तोच धडा पांढरीस लागू आहे. ज्या गावठाणांत नळ आले व गटारें आलीं नाहींत, तें गावठाण पाणथळ शेतासारखेंच हळूहळू निकामी होतें.

गटारांचा आणि गांवच्या सुबत्तेचा संबंध काय, असें कोणी विचारील. हा संबंध आम्ही एकेका कलमानें मांडतों. पहिलें कलम माणसाच्या श्रमाचें. डबक्यांत डास होतात, डासांपासून हिंवताप व डेंग्यू होतो, आणि हे रोग पावसाळ्यांत, म्हणजे पेरणी-खुरपणीच्या ऐन मोसमांतच, जोर करितात. घरांतील एक कर्तें माणूस आठ दिवस अंथरुणास खिळलें म्हणजे मजुरी बुडते, औषधास पैसे जातात आणि तण पिकाच्या वर जातें. दुसरें कलम विहिरींचें. गटाराचें व भरून वाहणाऱ्या शौचकुंडांचें पाणी उताराकडील विहिरींत उतरतें किंवा ओढ्यावाटे नदीस मिळतें, व तेंच पाणी पुढचें गांव पितें. दूषित पाण्याचा परिणाम किती भयंकर होतो हें इचलकरंजीनें २०१२ च्या उन्हाळ्यांत पाहिलें. पाण्यांतून काविळीची साथ पसरली व माणसें दगावलीं. तिसरें कलम रस्त्यांचें. डांबराचा शत्रु सांचलेलें पाणी होय. लाखों रुपये खर्चून केलेला गांवरस्ता मोऱ्यांच्या पाण्यानें दोन पावसाळ्यांत उखडतो, आणि मग भाजीपाल्याची गाडी, दुधाची गाडी व कारखान्याचा ट्रक गांवांत येण्यास कुरकुरतो.

चौथें कलम बाजाराचें व उद्योगाचें आहे आणि तें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. आठवड्याचा बाजार जेथें चिखलांत भरतो तेथील गिऱ्हाईक शेजारच्या गांवीं जातें. दूध संकलन केंद्र, पापड-मसाल्याचा बचतगटाचा धंदा, फळांची प्रतवारी, खानावळ, दवाखाना यांपैकीं प्रत्येकास भांडीं व जमीन धुवावी लागते, आणि धुतलेलें पाणी सोडण्यास जागा लागते. जेथें ती नाहीं तेथें हे धंदे उभे राहत नाहींत, किंवा उभे राहिले तर शेजाऱ्याशीं भांडण उभें राहतें. शिकलेला मुलगा गांवांत घर बांधण्याऐवजीं तालुक्याच्या गांवीं जागा घेतो, यामागें नोकरी हें एक कारण असतें. परंतु दारापुढचें गटार हें दुसरें कारण असतें, आणि तें बोलून दाखविलें जात नाहीं. जागतिक बँकेच्या जल व स्वच्छता कार्यक्रमानें २००६ सालच्या आंकड्यांवरून असा अंदाज काढला होता कीं, अपुऱ्या स्वच्छतेमुळें भारताचें त्या एका वर्षांत सुमारें २.४ लाख कोटी रुपयांचें, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६.४ टक्के, नुकसान झालें. तात्पर्य, गटार न बांधणें फुकट पडतें असें नाहीं. त्याची किंमत आम्ही भरीतच आहों. फक्त ती कोणत्याही वहींत लिहिली जात नाहीं.

ही किंमत सर्वांस सारखी पडत नाहीं, हेंही येथें स्पष्ट लिहिलें पाहिजे. पाणी उताराकडे जातें. गांवच्या उताराच्या टोकास कोणाचीं घरें आहेत, हें प्रत्येक वाचकानें आपल्या गांवचा नकाशा आठवून पाहावें. बहुतेक गांवांत तेथें भूमिहीन मजुरांची व दलितांची वस्ती असते. वरच्या आळींतील वाड्याच्या न्हाणीघराचें पाणी त्यांच्या उंबऱ्याशीं सांचतें. ज्यांनीं पाणी कमीत कमी वापरलें त्यांनीं तें जास्तींत जास्त सोसावें, असा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार आजचा नाहीं. जुन्या गांवगाड्यांत गांव झाडणें, मेलेलीं जनावरें ओढून नेणें हीं कामें कांहीं जातींवर वंशपरंपरेनें लादलेलीं होतीं व त्यांचा रोख मोबदला कोणी देत नसे. १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें नाहींशीं झालीं, हें उत्तम झालें. परंतु जें काम त्यांच्याकडून फुकट करून घेतलें जात होतें, त्यासाठीं गांवच्या अंदाजपत्रकांत पुरेशी रक्कम कधींच धरली गेली नाहीं. आमच्या गटारांच्या दुर्दशेचें मूळ आम्हांस येथें दिसतें. स्वच्छता ही पैसे देऊन विकत घ्यावयाची सेवा आहे, ही गोष्ट आमच्या मनानें अजून मान्य केलेली नाहीं. माणसानें मैल्याच्या टाकींत उतरूं नये असा कायदा २०१३ सालीं झाला. त्याचा अर्थ यंत्र आणावें लागेल, व यंत्राचें भाडें द्यावें लागेल, असा आहे.

आतां पैशाकडे वळूं. सरकार पैसा देत नाहीं, ही तक्रार या बाबतींत पुरती खरी नाहीं. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यांत, पांच हजारांपर्यंत वस्तीच्या गांवास सांडपाण्याच्या कामासाठीं दर माणशीं २८० रुपयांपर्यंत व त्याहून मोठ्या गांवास ६६० रुपयांपर्यंत रक्कम धरली होती. तिच्यापैकीं ३० टक्के ग्रामपंचायतीनें पंधराव्या वित्त आयोगाच्या आपल्या अनुदानांतून घालावयाचे होते. वर सांगितलेल्या तीन हजार वस्तीच्या गांवास या हिशेबानें ८,४०,००० रुपये होतात. पैकीं २,५२,००० पंचायतीचे व ५,८८,००० मिशनचे. पंधराव्या वित्त आयोगानेंही २०२१ ते २०२६ या पांच वर्षांसाठीं देशांतील ग्रामीण स्थानिक संस्थांस २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली, व त्यांतील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता या दोन कामांस निम्मी-निम्मी बांधून दिली.

मग गटारें कां नाहींत? पुष्कळ ठिकाणीं तीं आहेत, पण वाहत नाहींत. निधि आला त्या वर्षीं एका आळींत शंभर फूट, दुसऱ्या वर्षीं दुसऱ्या आळींत दीडशे फूट, असें तुकड्यातुकड्यानें काम होतें. संबंध गांवची सपाटी काढून उतार ठरविलेला नसतो. जेथें निधि संपतो तेथें गटार संपतें, मग तें कोणाच्या दारांत संपो. आणि जें बांधलें जातें तें उपसण्यास माणूस नेमलेला नसतो. दोन वर्षांत तें प्लास्टिकनें व गाळानें भरतें, आणि पुन्हा नव्या गटाराची मागणी होते. अनुदानानें गटार बांधतां येतें. अनुदानानें तें वाहतें ठेवतां येत नाहीं. बैल कोणी बक्षीस दिला तरी वैरण ज्याची त्यासच घालावी लागते. गटाराची वैरण म्हणजे दरसालचा देखभालीचा पैसा, आणि तो गांवानेंच उभा केला पाहिजे, हें आमचें मुख्य म्हणणें आहे.

शेतकऱ्यास असा बांधील कर नवा नाहीं. मुंबई इलाख्यांत १८६३ च्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड घेण्यास आरंभ झाला व १८६९ च्या कायद्यानें त्यास पक्का आधार मिळाला. रस्ते व शाळा यांसाठीं तो पैसा होता. त्या आण्यांतून पुष्कळ कामें झालीं. परंतु शेतकऱ्याच्या पैशाचा लाभ शेतकऱ्यासच मिळतो कीं नाहीं, हा प्रश्नही त्याच काळीं उभा राहिला. शेतकऱ्याच्या घामांतून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, असें महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें खडसावून सांगितलें. या इतिहासांतून घेण्याजोगा बोध असा: एका कामासाठीं बांधलेला कर लोक देतात, परंतु तो त्याच कामास लागतो हें देणारास डोळ्यांनीं दिसलें पाहिजे.

निधीचा विचार करण्याआधीं काम कोणतें करावयाचें हें जमीन पाहून ठरवावें, म्हणजे खर्च आपोआप कमी होतो. ज्या गांवची जमीन मुरमाड आहे व घरांपुढें जागा आहे, तेथें घरटीं शोषखड्डा हाच स्वस्तांत स्वस्त उपाय होय. चार फूट लांब, तितकाच रुंद व खोल खड्डा, मध्यें भोकें पाडलेली सिमेंटची टाकी, तिच्याभोंवतीं दगडगोटे, वर झांकण, एवढीच त्याची रचना. नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णी गांवानें हे खड्डे घरोघर केले, उघडीं गटारें बंद झालीं व डास हटले. तेव्हांपासून या रीतीस नांदेड पद्धत असें नांव पडलें. परंतु काळ्या चिकण जमिनींत पाणी जिरत नाहीं, आणि दाट गावठाणांत खड्ड्यास जागा नसते. तेथें बंद नळांचें गटार व शेवटीं पाणी निवळण्याचीं तळीं हाच मार्ग आहे. एकामागून एक अशा तीन उथळ तळ्यांतून पाणी सावकाश पुढें सरकतें. ऊन, शेवाळ व सूक्ष्म जंतु तें बरेंच शुद्ध करितात. विजेचा खर्च पडत नाहीं. जागा मात्र लागते. ती गायरानांतून घ्यावयाची तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी, मोजणी व हद्दी या गोष्टी आधीं पुऱ्या कराव्या आणि निविदा मागाहून काढावी. हा क्रम उलटा झाल्यास काम जागेच्या वादांत अडतें व निधि परत जातो.

संडासांचा विचारही याच वेळीं व्हावा. दोन खड्ड्यांचा संडास नीट चालविला, एक भरतांच दुसरा चालू केला व पहिला दोन वर्षें तसाच ठेवला, तर त्यांतून मळाचें निर्धोक खत होतें. परंतु पुष्कळांनीं एकच मोठी टाकी बांधून तिचें तोंड गटारांत सोडलें आहे. ती वर्षानुवर्षें उपसली जात नाहीं. साताऱ्याच्या वाई नगरपालिकेनें २०१८ सालीं या बाबतींत चांगला पायंडा घातला. टाकी तुंबून मालकानें बोलावण्याची वाट न पाहतां, तीन वर्षांतून एकदां प्रत्येक घरची टाकी पाळीपाळीनें उपसावयाची, व त्याचा खर्च करांतून भागवावयाचा. एका लहान खेड्यास स्वतःचा उपसा-ट्रक परवडणार नाहीं. परंतु दहा-पंधरा गांवांनीं मिळून तो भाड्यानें ठेवण्यास अडचण नाहीं. ऊंसतोडणीचें यंत्र व मळणीयंत्र आम्ही असेंच वापरतों.

आतां वार्षिक निधीची आमची सूचना. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या १२४ व्या कलमानें पंचायतीस सामान्य स्वच्छता कर बसविण्याचा अधिकार आहे. म्हणजे नवा कायदा मागण्याची गरज नाहीं. आहे तो अधिकार अकलेनें वापरावयाचा आहे. पुष्कळ गांवांत हा कर घरटीं सरसकट व इतका थोडा असतो कीं, पावतीपुस्तकाचा खर्चही निघूं नये. आमचें मत असें कीं, तो घराच्या मूल्याप्रमाणें चढता असावा. २०१५ अखेरच्या नियमदुरुस्तीपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाते; तेव्हां कोणाचें घर किती मोलाचें हें नमुना ८ मध्यें लिहिलेलेंच आहे.

उदाहरणासाठीं आपल्या तीन हजार वस्तीच्या गांवांत सहाशें घरें धरूं. पैकीं तीनशें लहान घरांनीं दरमहा १५ रुपये, दोनशें मध्यम घरांनीं ३५ रुपये व शंभर मोठ्या घरांनीं ७५ रुपये द्यावे. दरमहाचे १९,००० व वर्षाचे २,२८,००० रुपये झाले. खानावळी, दूध केंद्र, गाड्या धुण्याच्या जागा व बाजाराचे गाळे यांचा आकार याहून निराळा घ्यावा, कारण त्यांचें पाणी जास्त. या रकमेंतून गटारें पाहणारा एक पगारी माणूस, त्याचीं बूट-हातमोजे व हत्यारें, टाक्या उपसणाऱ्या ट्रकाचें भाडें व किरकोळ दुरुस्ती भागवावी. आणि चौथा हिस्सा, म्हणजे ५७,००० रुपये, दरसाल शिलकेंत टाकावा. व्याज न धरतां पंधरा वर्षांत ही शिल्लक ८,५५,००० रुपये होते. म्हणजे वर सांगितलेल्या सबंध बांधकामाची रक्कम पुन्हा गांवच्या हातीं येते. किंमती वाढतील हें खरें. परंतु हातीं कांहींच नसणें व मोठा भाग असणें यांत फार अंतर आहे.

उत्पन्नाची दुसरी बाजूही आहे. एका एकरावर अर्धा सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारें वीस हजार लिटर. या मापानें रोजच्या १,१०,००० लिटरांत पांच एकर वैरण साधारण दिवसांत भिजते; कडक उन्हाळ्यांत तीन-चार एकर. क्षेत्र मोठें नाहीं, पण मे महिन्यांत विहिरी आटल्या तरी हें पाणी आटत नाहीं. तळ्यांतून निवळलेलें पाणी वैरण, बांबू किंवा लांकडाच्या झाडांसाठीं लिलावानें द्यावें व पैसा याच खात्यांत जमा करावा. दोन सावधगिऱ्या मात्र पाळाव्या. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीस हें पाणी देऊं नये. आणि साबण-सोड्याचे क्षार त्यांत असल्यामुळें निचरा नसलेल्या काळ्या जमिनीस तें सतत देऊं नये, नाहींतर पांढरीचें दुखणें काळीस लागावयाचें.

लोक देतील काय? लोक देतात, असा दाखला आहे. कराची वेळेवर भरणा करणाऱ्या कुटुंबास दळण मोफत, ही योजना छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील पाटोदा गांवानें भास्करराव पेरे पाटील यांच्या कारकीर्दींत चालविली व ती महाराष्ट्रभर गाजली. कराच्या मोबदल्यांत पंचायत कांहीं देते हें घरच्या बाईस पिठाच्या डब्यांत दिसलें, हें तिचें मर्म आहे. दुसरा दाखला शहरांतील गरीब वस्तीचा व परदेशचा आहे, तरी तो बोधप्रद आहे. कराचीच्या ओरंगी भागांत १९८० सालीं अख्तर हमीद खान यांनीं काम सुरू केलें. गल्लींतील वीस-तीस घरांनीं एकत्र येऊन आपल्या गल्लीचें गटार आपल्या पैशानें घालावें, व मोठें गटार आणि शुद्धीकरण सरकारनें करावें, अशी वांटणी त्यांनीं केली. ठेकेदार गळाल्यामुळें खर्च फार कमी आला आणि गरिबांच्या हजारों गल्ल्यांत गटारें झालीं. स्वतःच्या पैशाचें गटार लोक स्वतः राखतात, हें त्यांत सिद्ध झालें.

आमच्या सूचनेवर तीन आक्षेप येतील हें आम्ही जाणतों. पहिला मळ्यांत राहणाऱ्या शेतकऱ्यांचा: आमचें घर वस्तीवर, आमचें पाणी आमच्या बांधांत, आम्हीं गावठाणाच्या गटारास पैसे कां द्यावे? या आक्षेपांत तथ्य आहे, म्हणून नळाच्या गटाराचा लाभ नसणाऱ्या वस्त्यांस अर्धाच आकार असावा. परंतु तोही माफ करूं नये. त्यांची संडासाची टाकी उपसावी लागणारच; त्यांचीं मुलें गावठाणांतील शाळेंत बसतात, त्यांचें दूध गावठाणांतील केंद्रांत जातें, आणि गांवचा ओढा बहुधा त्यांच्याच विहिरीवरून वाहतो.

दुसरा आक्षेप असा कीं, शेतकरी आधींच बुडालेला, त्याच्यावर आणखी कर नको. भाव पडतात, पाऊस दगा देतो, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु पंधरा रुपयांत अर्धा लिटर दूधही धड येत नाहीं, आणि घरांत एका तापाच्या आजारास याच्या कितीतरी पट पैसा जातो. चढता दर यासाठींच सुचविला आहे कीं, ज्याची ऐपत आहे व ज्याचें पाणी जास्त, त्यानें जास्त द्यावें. खातेदारांनीं येथें मन मोठें करावें. वरच्या आळीनें खालच्या आळीच्या दारांत पाणी सोडावयाचें व पट्टी मात्र सारखी भरावयाची, यास न्याय म्हणतां येणार नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: पंचायतीच्या हातीं पैसा गेला म्हणजे तो कोठें जाईल याचा भरंवसा काय? यावर उपाय कर न देणें हा नसून हिशेब मागणें हा आहे. स्वच्छता कराचें खातें बँकेंत निराळें असावें व ग्रामसभेच्या ठरावाशिवाय त्यांतील पैसा दुसऱ्या कामास वळवूं नये. दर तीन महिन्यांनीं मागणी, वसुली, खर्च व शिल्लक हे चार आंकडे चावडीच्या फळ्यावर लिहावे. देखरेखीच्या समितींत निम्म्या स्त्रिया असाव्या, कारण घरांतील पाणी त्यांच्याच हातांतून जातें. आणि उताराच्या वस्तींतील निदान दोन माणसें असावीं, कारण गटार वाहतें कीं तुंबलें हें त्यांस सर्वांच्या आधीं कळतें. थकबाकीदारांच्या यादींत पुढाऱ्यांचीं नांवें असल्यास तींही फळ्यावर यावीं. वसुलीच्या कामाचा आमचा अनुभव असा कीं, मोठा थकबाकीदार भरूं लागला म्हणजे लहान थकबाकीदार न सांगतां भरतो.

आमच्या मंडळाच्या सभासदांस आमची विनंती आहे कीं, येत्या ग्रामसभेंत त्यांनीं पुढील चार ठराव मांडावे: संबंध गावठाणाची सपाटी काढून एकच नकाशा व्हावा, व त्याबाहेर गटाराचा एकही तुकडा बांधूं नये, तळ्याची जागा आधीं मोजून ताब्यांत घ्यावी, स्वच्छता कर घराच्या मूल्यावर चढता करावा व त्याचें खातें निराळें ठेवावें, आणि गटारें पाहणाऱ्या माणसास पहिल्या महिन्यापासून रोख पगार मिळावा. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरसाल होतो. हे ठराव त्यांत न आले तर ते कागदावरच राहतील.

आपल्या शेतांतील निचऱ्यासाठीं आम्ही कर्ज काढतों, चर खणतों, आणि तो खर्च वायां गेला असें कोणी म्हणत नाहीं. गावठाण हेंही आमचें सामाईक शेतच आहे. माणसें व धंदे हें त्याचें पीक. त्याच्या निचऱ्याचा खर्च त्यावर जगणारांनींच सोसावा, आणि त्यांतल्या सबळांनीं प्रथम सोसावा, इतकें सांगून आम्ही हा लेख पुरा करितों.